एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ताम्रनाण्यांच्या प्रतिकृती : संग्रह, नक्कल आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांत नाण्याला विशेष मान आहे. बखरीत लेखकाचा पक्षपात येतो, हस्तलिखिताच्या नकलेत पाठभेद शिरतात. नाणे मात्र ज्या काळात पाडले गेले त्या काळाचा ठसा जसाच्या तसा अंगावर वागवते, असा आपला समज असतो. नाण्यावरील वर्ष हे त्याच्या निर्मितीचेच वर्ष असणार, हे आपण फारसा विचार न करता गृहीत धरतो. हे गृहीतक किती जपून वापरावे लागते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या नाणकशास्त्राच्या इतिहासात आढळते.

अमेरिकेत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तांब्याची अनेक प्रकारची नाणी प्रचारात होती. १८५० नंतरच्या काही वर्षांत ही नाणी जमविण्याची आवड तेथे झपाट्याने पसरली. दुर्मीळ नाणी थोडी आणि ती मागणारे पुष्कळ, अशी स्थिती निर्माण होताच त्या नाण्यांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांपैकी काही उघडपणे प्रतिकृती म्हणून विकल्या गेल्या, काही अस्सल म्हणून खपविल्या गेल्या, तर काहींच्या बाबतीत निर्मात्याचा हेतू एक आणि पुढच्या विक्रेत्याचा दुसरा असे घडले. आज दीडशे वर्षांनंतर या प्रतिकृती स्वतंत्रपणे संग्राह्य ठरल्या आहेत. प्रस्तुत लेखात या प्रतिकृतींची पार्श्वभूमी, त्यांचे प्रकार, त्यांचे निर्माते आणि त्या ओळखण्याच्या कसोट्या यांचा आढावा घेतला असून, प्रतिकृती केव्हा फसवणूक ठरते आणि केव्हा पुरावा ठरते, या प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ नाणी : १७३७ ते १८५७

इंग्लंडच्या अमेरिकन वसाहतींत सुट्या नाण्यांची टंचाई कायमची होती. ती भरून काढण्याचे जे खासगी प्रयत्न झाले त्यांत कनेक्टिकटमधील ग्रॅन्बी येथील सॅम्युएल हिग्ली यांचे नाव अग्रभागी आहे. स्वतःच्या खाणीतील तांब्यापासून १७३७ च्या सुमारास त्यांनी नाणी पाडली. आरंभीच्या नाण्यांवर तीन पेन्स हे मूल्य कोरलेले होते. नंतरच्या नाण्यांवर ‘मी चांगले तांबे आहे’ आणि ‘माझी किंमत तुम्हाला वाटेल ती करा’ अशा अर्थाचे लेख आले. ही नाणी आज अत्यल्प संख्येने उपलब्ध असून बहुतेक झिजलेल्या अवस्थेत आहेत.

स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या संघीय करारनाम्याच्या काळात नाणी पाडण्याचा अधिकार घटक राज्यांनाही होता. १७८५ ते १७८८ या अवधीत व्हर्मॉन्ट, कनेक्टिकट, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स यांची ताम्रनाणी निघाली. १७८५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे एक निराळेच नाणे चलनात आले. त्याच्या एका बाजूस तेरा आडव्या समांतर पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूस ‘यूएसए’ ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली होती. त्यावर वर्ष नाही. संग्राहक त्याला ‘बार सेंट’ म्हणतात. १७८७ मध्ये काँग्रेसच्या अधिकाराने ‘फ्युजिओ’ नावाचे नाणे काढण्यात आले. त्यावर सूर्य, छायायंत्र, तेरा जोडलेली कडी आणि ‘आपल्या कामाकडे लक्ष द्या’ अशा अर्थाचा लेख होता. पुढे नव्या संविधानाने घटक राज्यांचा नाणी पाडण्याचा अधिकार काढून घेतला.

२ एप्रिल १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फिया येथे राष्ट्रीय टांकसाळ स्थापन झाली. सेंटचे वजन आरंभी २६४ ग्रेन ठरले होते. ते १७९३ च्या जानेवारीत २०८ ग्रेन आणि १७९६ च्या आरंभी १६८ ग्रेन असे कमी करण्यात आले. तांब्याच्या वाढत्या भावामुळे हे करावे लागले. १७९३ च्या वसंतात निघालेल्या पहिल्या सेंटवर पंधरा कड्यांची साखळी होती. राज्यांची एकजूट दाखविणारी ही साखळी अनेकांना दास्याची खूण वाटली आणि टीका झाली. केवळ ३६,१०३ नाणी पाडून तो ठसा बदलण्यात आला व साखळीच्या जागी पानांचे वर्तुळ आले. अशा रीतीने सुरू झालेली मोठ्या सेंटची परंपरा १८१५ हे एक वर्ष वगळता दरवर्षी वेगळ्या वर्षांकासह १८५७ पर्यंत चालू राहिली. प्रतिवर्षी एक नाणे जमविता येईल अशी ही सोय पुढे संग्राहकांच्या आवडीचे मोठे कारण ठरली.

१८५७ : संग्रहाच्या वेडाचा आरंभ

तांब्याचे मोठे सेंट जड, काळवंडणारे आणि टांकसाळीला परवडेनासे झाले होते. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने अर्धा सेंट बंद झाला आणि मोठ्या सेंटच्या जागी तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा लहान सेंट आला. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत जुनी नाणी देऊन नवी घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. रोजच्या वापरातील वस्तू नाहीशी होणार असे दिसू लागले की तिच्याविषयी अचानक ममत्व वाटू लागते. ज्या सेंटकडे आजवर कोणी पाहत नव्हते, त्यांचे वर्षवार संच लावण्याचा छंद शहराशहरांत पसरला.

१८५८ मध्ये फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणी नाणकशास्त्रीय संस्था स्थापन झाल्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियातील व्यापारी एडवर्ड कोगन यांनी सेंट नाण्यांची विक्री आयोजित केली आणि तिची बरीच चर्चा झाली. १८५९ मध्ये माँट्रोव्हिल डिकसन यांचा अमेरिकन नाण्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८७५ मध्ये सिल्व्हेस्टर क्रॉस्बी यांनी वसाहतकालीन व आरंभीच्या नाण्यांचा साधार इतिहास प्रकाशित केला. तो आजही आधारभूत मानला जातो.

संच लावणाऱ्याला प्रत्येक वर्षाचे नाणे हवे असते. परंतु १७९३, १७९९ आणि १८०४ या वर्षांचे सेंट सहजासहजी मिळत नसत. अर्ध्या सेंटच्या मालिकेत १७९६ चे नाणे तसेच दुर्मीळ होते. त्या वर्षाचे केवळ १,३९० अर्धे सेंट पाडल्याची नोंद आहे. संचातील रिकामी जागा संग्राहकाला सतत डाचत राहते, आणि नकलाकाराचे काम तेथूनच सुरू होते.

याच काळात तांत्रिक साधनेही उपलब्ध झाली होती. व्यापाऱ्यांच्या जाहिरातीची नाणेवजा बिल्ले, पदके व गुंड्या यांसाठी ठसे कोरणारे कारागीर पूर्वेकडील प्रत्येक मोठ्या शहरात होते. यादवी युद्धाच्या वर्षांत सुट्या पैशांची टंचाई निर्माण झाल्यावर तर खासगी बिल्ल्यांचा सुळसुळाट झाला. अखेर १८६४ मध्ये कायदा करून ते बंद करावे लागले. ठसे कोरणारा हात, दाबयंत्र आणि दुर्मीळ नाण्याची मागणी ही तिन्ही एकाच काळात एकत्र आली.

प्रतिकृतींचे प्रकार

संग्राहकांच्या बोलण्यात सर्वच प्रतिकृतींना सरसकट ‘नकली’ म्हटले जाते. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्यांचे किमान पाच प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार नव्याने कोरलेल्या ठशांवरून पाडलेल्या प्रतिकृतींचा. येथे कारागीर मूळ नाणे समोर ठेवून स्वतःच्या हाताने ठसा कोरतो. त्यामुळे कितीही कौशल्य असले तरी अक्षरांची वळणे आणि अंतरे यांत त्याचा हात दिसतोच.

दुसरा प्रकार जुन्या ठशांवरून पुन्हा पाडलेल्या नाण्यांचा, म्हणजे पुनर्टंकनाचा. येथे ठसा अस्सल असतो, परंतु नाणे पाडण्याचा काळ आणि अधिकार वेगळा असतो.

तिसरा प्रकार विद्युत्प्रक्रियेने तयार केलेल्या प्रतींचा. अस्सल नाण्याच्या दोन्ही बाजूंचे मेणासारख्या पदार्थात साचे घेऊन त्यांवर शिसपेन्सिलीतील ग्राफाइटचा थर देतात आणि मोरचुदाच्या द्रावणात विद्युत्प्रवाहाने त्यांवर तांबे चढवितात. असे दोन पातळ कवच शिशाने भरून जोडले की मूळ नाण्याची ओरखड्यांसह हुबेहूब प्रत मिळते. वस्तुसंग्रहालयांनीही प्रदर्शनासाठी व अभ्यासासाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

चौथा प्रकार फेरफार केलेल्या अस्सल नाण्यांचा. १७९८ च्या सेंटवरील शेवटचा आकडा कोरून १७९९ करणे किंवा झिजलेले नाणे पुन्हा कोरून दुसऱ्याच प्रकारचे भासविणे हे यात येते. न्यूयॉर्कच्या अ‍ॅन स्ट्रीटवरील स्मिथ नावाच्या कारागिराने पुनर्कोरणी केलेले १७९३ चे सेंट याच कारणासाठी ‘स्मिथ नकला’ म्हणून ओळखले जातात.

पाचवा प्रकार कल्पित नाण्यांचा, म्हणजे जे नाणे कधी अस्तित्वातच नव्हते ते जुने म्हणून घडविण्याचा. न्यू हेवनचे चार्ल्स विलिस बेट्स यांनी विद्यार्थिदशेत, १८६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात, वसाहतकालीन विषयांवर अशी अनेक नाणी तयार केली. हेच बेट्स पुढे वकील झाले आणि वसाहतींच्या इतिहासाशी संबंधित पदकांचे गंभीर अभ्यासक म्हणून मान्यता पावले. त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९४ मध्ये प्रकाशित झाला. नकलेचा खेळ आणि अस्सलाचा शोध ही एकाच कुतूहलाची दोन रूपे असू शकतात, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

जॉन अ‍ॅडम्स बोलेन : उघड प्रतिकृतिकार

पहिल्या प्रकारातील सर्वांत महत्त्वाचे नाव मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचे जॉन अ‍ॅडम्स बोलेन (१८२६-१९०७) यांचे आहे. ठसे कोरणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि ते स्वतः संग्राहकही होते. १८६० नंतरच्या दशकात त्यांनी बार सेंट, हिग्ली यांचे नाणे, ‘कॉन्फेडेराशिओ’ सेंट, कॅरोलायनाचे हत्तीचे चिन्ह असलेले नाणे इत्यादींच्या प्रतिकृती तयार केल्या. प्रत्येक प्रतिकृतीची संख्या मर्यादित असे. तांब्याखेरीज चांदी व इतर धातूंतही काही प्रती काढल्या जात.

बोलेन यांनी आपले काम लपविले नाही. १८८२ मध्ये त्यांच्या पदकांची व प्रतिकृतींची यादी प्रसिद्ध झाली आणि १९०५ मध्ये त्यांनी स्वतःच अशी वर्णनात्मक यादी छापली. कोणते ठसे कोरले, कोणत्या धातूत किती प्रती काढल्या, याचा हिशेब त्यांनी वाचकापुढे ठेवला. एवढा प्रामाणिकपणा असूनही त्यांच्या काही प्रतिकृती पुढे अस्सल म्हणून फिरल्या. काही ठसे इतरांच्या हाती गेले आणि त्यांवरून पुन्हा नाणी पाडली गेली. निर्मात्याच्या प्रामाणिकपणाची हमी वस्तूबरोबर आपोआप प्रवास करीत नाही, हा यातील महत्त्वाचा धडा होय. मुद्दाम प्रती झिजवून जुन्या भासविणे फारसे अवघड नसते. यादी मात्र संग्राहकाच्या कपाटातच राहते.

बोलेन यांच्या बार सेंटची ओळख आज सोपी आहे. मूळ नाण्यावर गुंफलेल्या अक्षरांत ‘ए’ हे अक्षर ‘एस’ या अक्षरावरून जाते. बोलेन यांच्या प्रतिकृतीत ‘एस’ वरून जाते. ही चूक होती की मुद्दाम ठेवलेली खूण, हा तर्काचा विषय आहे. परंतु तिच्यामुळे दोन्ही वस्तूंतील भेद भिंगाखाली क्षणात दिसतो.

१९५२ मध्ये रिचर्ड केनी यांनी ठशांवरून पाडलेल्या प्रतिकृतींची पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली आणि २००२ मध्ये नील मुसान्ते यांचा बोलेन यांच्या कामावरील स्वतंत्र ग्रंथ आला. या सूचींमुळे ‘नकली’ म्हणून बाजूला टाकलेल्या वस्तूंना क्रमांक, निर्माता आणि वर्ष मिळाले. सूची आली की संग्रह येतो. काही डझनच प्रती निघाल्यामुळे बोलेन यांची एखादी प्रतिकृती आज मूळ नाण्याहूनही दुर्मीळ ठरते.

फ्युजिओचे ‘पुनर्टंकन’ आणि एक आख्यायिका

१७८७ च्या फ्युजिओ नाण्याच्या न्यू हेवन प्रतींची कथा अधिक बोधप्रद आहे. ही कथा अशी सांगितली जात असे : १८५८ मध्ये शाळकरी वयाच्या बेट्स यांना न्यू हेवनमधील एका दुकानात मूळ नाण्यांचे जुने ठसे सापडले, होरेशिओ रस्ट यांनी त्यांवरून सोने, चांदी, तांबे आणि पितळ या धातूंत नव्याने नाणी पाडून घेतली. मूळ नाणी मुख्यत्वे न्यू हेवन येथेच पाडली गेली असल्यामुळे कथेला स्थळाचा आधारही होता. त्यामुळे ही नाणी दीर्घकाळ ‘न्यू हेवन पुनर्टंकन’ या नावाने ओळखली गेली.

पुढील अभ्यासात असे दिसून आले की हे ठसे मूळ १७८७ चे नव्हतेच; ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नव्याने तयार केलेले होते. या प्रतींवरील जोडलेली कडी मूळ नाण्यावरील कड्यांपेक्षा बारीक आहेत. म्हणजे ज्याला आपण दुसऱ्या प्रकारात घालत होतो ते प्रत्यक्षात पहिल्या प्रकारातील आहे. तरीही जुने नाव टिकून राहिले. चुकीचे नाव एकदा सूचीत रुळले की पुराव्याने खोडले तरी ते निघत नाही, हा अनुभव इतिहासाच्या प्रत्येक शाखेत येतो.

येथे कथेची रचनाही पाहण्यासारखी आहे. वस्तू ‘सापडली’ असे सांगितले की तिला प्राचीनत्व आपोआप प्राप्त होते. १८५६ मध्ये टॉमस वायट यांनी मॅसॅच्युसेट्सच्या सतराव्या शतकातील चांदीच्या नाण्यांच्या प्रतिकृती तयार करून त्या बॉस्टनजवळील चेल्सी येथे सापडल्याचा बनाव केला होता. शोधाची रोमहर्षक हकीकत हा नकलेच्या व्यवसायातील जुनाच साथीदार आहे.

१८०४ चा सेंट आणि टांकसाळीचा वाटा

अस्सल ठसा असूनही नाणे खोटे ठरू शकते, याचा नमुना म्हणजे १८०४ चा तथाकथित पुनर्टंकित सेंट. टांकसाळीने निकालात काढलेले जुने ठसे भंगाराच्या लोखंडात विकले गेले होते. १८६० च्या सुमारास कोणीतरी १८०३ च्या एका टाकाऊ ठशावरील शेवटचा आकडा बदलून १८०४ केला आणि त्याला १८२० च्या एका पृष्ठभागाच्या ठशाची जोड देऊन सेंट पाडले. १८०४ च्या अस्सल सेंटच्या पृष्ठभागावर पानांच्या वेलीखाली ‘एक शतांश’ हा अपूर्णांक असतो. १८२० च्या ठशावर तो नाही, कारण तोवर रचनाच बदललेली होती. त्यामुळे या नाण्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या काळांची भाषा बोलतात. शिवाय अस्सल १८०४ च्या सेंटवर वर्षातील शून्य हे मागील बाजूच्या ‘ऑफ’ या शब्दातील ‘ओ’ अक्षराच्या बरोबर मागे येते. प्रतिकृतीला ही कसोटी लावली की निकाल लागतो.

१८२३ च्या सेंटचेही असेच पुनर्टंकन झाले. त्यासाठी १८१३ च्या पृष्ठभागाचा ठसा वापरण्यात आला. १८११ च्या अर्ध्या सेंटला १८०२ चा पृष्ठभाग जोडण्यात आला. यांपैकी काही प्रतींचा संबंध फिलाडेल्फियाचे विख्यात संग्राहक जोसेफ मिकली (१७९९-१८७८) यांच्याशी परंपरेने जोडला जातो. आपल्या जन्मवर्षाचा, १७९९ चा सेंट शोधताना त्यांना नाण्यांचा छंद लागला, असे सांगितले जाते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहातील जुने ठसे लिलावात निघाले तेव्हा सरकारने आक्षेप घेऊन ते ताब्यात घेतले. जुने ठसे खासगी हातात राहिले की त्यांतून काय होऊ शकते, याची जाणीव तोवर झाली होती. तथापि ठसे बाळगणे आणि त्यांवरून नाणी पाडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; मिकली यांच्यावर दुसरीचा ठपका ठेवताना अभ्यासकाने सावध असावे.

खुद्द टांकसाळही या मोहापासून अलिप्त नव्हती. संचालक जेम्स रॉस स्नोडेन (कार्यकाळ १८५३-१८६१) यांना टांकसाळीच्या संग्रहासाठी वॉशिंग्टनच्या प्रतिमेची पदके हवी होती. २२ फेब्रुवारी १८६० रोजी त्या पदकांच्या विशेष दालनाचे उद्घाटन झाले. या काळात दुर्मीळ वर्षांचे अर्धे सेंट टांकसाळीतच पुन्हा पाडून संग्राहकांना विक्री व विनिमयाद्वारे देण्यात आले. १८४० ते १८४९ या वर्षांच्या मूळ खास प्रतींवरील पानांच्या वेलीत फळे मोठी, तर पुनर्टंकित प्रतींवर ती लहान असतात; त्यावरून त्या ओळखता येतात. या नाण्यांना अस्सल म्हणावे की प्रतिकृती? टांकसाळ तीच, धातू तोच, वर्षांकही तोच. केवळ काळ खोटा. ‘अधिकृत’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे या उदाहरणाने स्पष्ट होते.

ओळखण्याच्या कसोट्या

प्रतिकृती ओळखण्याची पद्धत ही पाठचिकित्सेच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. पहिली कसोटी वजनाची. १७९३ च्या सेंटचे वजन २०८ ग्रेनच्या आसपास असावयास हवे. झिजेने ते काहीसे कमी होईल, पण वाढणार नाही. दुसरी कसोटी कडेची. विद्युत्प्रक्रियेच्या प्रतीत दोन कवचांच्या जोडाची रेषा कडेवर कोठेतरी दिसते. तिसरी नादाची : शिशाने भरलेली प्रत अखंड तांब्यासारखा खणखणीत नाद देत नाही. मात्र तडा गेलेले अस्सल नाणेही बद वाजते, म्हणून ही कसोटी एकटी पुरेशी नाही. चौथी कसोटी ठशांच्या तुलनेची. अस्सल नाण्यांचे ठसे ज्ञात व छायाचित्रित असल्यामुळे समोरचे नाणे त्यांपैकी कोणत्याही जोडीशी जुळत नसेल तर संशय घ्यावा. उलट ते एखाद्या प्रसिद्ध नाण्याशी ओरखड्यासह जुळत असेल तर संशय अधिकच घ्यावा, कारण विद्युत्प्रत मूळचे ओरखडेही उतरवते.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची : नाणे कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंद. याविषयी एक कटू उदाहरण अमेरिकेतच घडले. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये आरंभीच्या सेंटवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला; नाण्यांच्या स्थितीसाठी त्यांनी वापरलेली ७० गुणांची श्रेणी पुढे सर्वत्र रूढ झाली. त्यांच्या निधनानंतर मात्र असे निष्पन्न झाले की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्याच प्रकारची निकृष्ट नाणी ठेवली गेली होती, आणि अदलाबदल करणारे खुद्द शेल्डनच होते. संग्रहातील नाण्यांची जुनी छायाचित्रे उपलब्ध होती, म्हणूनच ही अदलाबदल सिद्ध करता आली. येथे खोटे नाणे एकही नव्हते. खोटी होती ती फक्त जागा. छायाचित्र आणि नोंद यांचे मोल यावरून कळावे.

नक्कल की फसवणूक?

वरील विवेचनावरून एक मुद्दा पुढे येतो. वस्तूकडे पाहून ती प्रतिकृती आहे हे सांगता येते. ती फसवणूक आहे की नाही हे सांगता येत नाही. फसवणूक वस्तूत नसते, ती वस्तूबद्दल केलेल्या विधानात असते. बोलेन यांनी विकलेला बार सेंट प्रतिकृती होता. तोच झिजवून १७८५ चा म्हणून विकला की फसवणूक झाली. वस्तू तीच, विधान बदलले.

अमेरिकेच्या कायद्यानेही अखेर हीच दिशा घेतली. २९ नोव्हेंबर १९७३ रोजी अमलात आलेल्या छंदसंरक्षण कायद्याने नाण्यांच्या अनुकृतींवर ‘प्रत’ हा शब्द ठळकपणे उमटविणे बंधनकारक केले. २०१४ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढविली. कायद्याने प्रतिकृतीवर बंदी घातली नाही. तिने स्वतःविषयी खरे बोलावे एवढीच अट घातली. एकोणिसाव्या शतकातील प्रतिकृतींना मात्र ही अट पूर्वलक्षी प्रभावाने लागू नाही. त्यांच्यासाठी खरे बोलण्याची जबाबदारी संग्राहकावर आणि अभ्यासकावरच येते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आरंभीच्या अमेरिकन ताम्रनाण्यांच्या अभ्यासकांच्या मंडळासारख्या संस्थांनी ठशांचे वर्गीकरण आणि नोंदींची देवाणघेवाण करून ती बऱ्याच अंशी पेलली आहे.

आपल्या संदर्भात

हा विषय वरवर पाहता आपल्यापासून दूरचा वाटतो. पण एक प्रत्यक्ष दुवा आहे. बर्मिंगहॅमजवळील सोहो येथील मॅथ्यू बोल्टन यांच्या कारखान्याने फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला सेंटसाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्या पुरविल्या. याच बोल्टन यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ ची, तराजूचे चिन्ह असलेली ताम्रनाणी पाडली. १८५० मध्ये सोहो टांकसाळीचा लिलाव झाल्यावर तेथील काही ठसे विल्यम जोसेफ टेलर यांच्याकडे गेले आणि त्यांनी संग्राहकांसाठी पुनर्टंकन केले. ब्रिटिशकालीन नाण्यांची पुनर्टंकने मुंबई आणि कोलकाता येथील टांकसाळींनीही संग्राहकांना पुरविली, हे नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

शिवराईचे उदाहरण याहून वेगळे आहे. शिवछत्रपतींच्या नंतरही दीर्घकाळ अनेक ठिकाणी शिवराया पाडल्या गेल्या आणि त्यांवरील लेख पाठोपाठच्या नकलांत बदलत गेला. त्या नकला बाजारातील व्यवहारासाठी होत्या, संग्राहकासाठी नव्हत्या. व्यवहारातील अनुकृती आणि संग्राहकासाठीची प्रतिकृती हा भेद न केल्यास दोन्हींचा अर्थ चुकीचा लागतो. अनेक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत देणगीदाखल आलेली नाणी पेटीत पडून असतात. त्यांचे वजन, व्यास, छायाचित्र आणि देणगीदाराची माहिती यांची नोंद करणे हे विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येण्याजोगे काम आहे. नोंद नसलेल्या अस्सल नाण्यापेक्षा नोंद असलेली प्रतिकृती इतिहासाला अधिक उपयोगी पडते.

समारोप

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ताम्रनाण्यांच्या प्रतिकृती १७३७ किंवा १७९३ च्या इतिहासाचे साधन नाहीत. त्या १८५७ नंतरच्या इतिहासाचे अस्सल साधन आहेत. नव्या राष्ट्राला स्वतःच्या बालपणाविषयी वाटू लागलेले कुतूहल, त्या कुतूहलाचा झालेला बाजार, कारागिरांचे कौशल्य आणि टांकसाळीसारख्या संस्थेचाही सैल झालेला संयम या साऱ्यांची साक्ष त्या देतात. प्रश्न योग्य विचारला तर खोटे नाणेही खरे उत्तर देते. अभ्यासकाने एवढेच करावयाचे असते की ‘हे नाणे कोणत्या वर्षाचे आहे?’ यापूर्वी ‘हे नाणे कोणी, केव्हा आणि कोणासाठी पाडले?’ हा प्रश्न विचारावा, आणि मिळालेले उत्तर पुढच्या पिढीसाठी नाण्याजवळच लिहून ठेवावे. बोलेन यांनी आपल्या प्रतिकृतींची यादी छापली ती याच जाणिवेने. ती यादी नसती तर त्यांचे काम आज केवळ संशयाचा विषय राहिले असते.